खुलासा : ‘गुडघा दुखला तर धावणे कायमचे सोडा’ हा संदेश चुकीचा
गुडघा दुखू लागल्यास डोंगरवाटांवरचे धावणे कायमचे सोडावे आणि सायकल मात्र हवी तितकी चालवावी, कारण तिचा गुडघ्यावर भार येतच नाही, असा संदेश सध्या फिरत आहे. तो खरा नाही. आसन खाली असेल किंवा सिंहगडाच्या चढावर जड गिअर रेटला, तर गुडघ्याच्या वाटीमागचा दाब चांगलाच वाढतो. म्हणूनच पेडल तळाशी असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला राहील, इतके आसन वर घेतात. ‘जर्नल ऑफ ऑर्थोपेडिक अँड स्पोर्ट्स फिजिकल थेरपी’मधील २०१७ च्या आढाव्यात गुडघा व खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण हौशी धावपटूंत ३.५ टक्के, तर बैठ्या लोकांत १०.२ टक्के आढळले. दुखऱ्या गुडघ्याला जास्त जाचतो तो उतार. तो काही काळ टाळावा. सूज असेल वा गुडघा अडकत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. मूळ संदेश कृपया पुढे पाठवू नये.