कल्हईच्या पेजवर कोटातला गोरा माणूस कशाला?

डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. वाचायची तर वाचा.

नाशिकला भद्रकालीकडे आमचे कल्हईवाले काका बसतात. आईची पितळी पातेली वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच. आज गेलो तर कौतुकाने मोबाईल पुढे केला. "बघ, आपलं पेज काढलंय. एजन्सीला महिन्याला पैसे भरतो."

पेजवर काय? कोटातला गोरा माणूस हात मिळवतोय. कुठल्या कुठल्या दिनांच्या शुभेच्छा. कल्हईचा एक फोटो नाही, पत्ता नाही. फोन नंबर एजन्सीचा! वर "किमतीसाठी इनबॉक्स करा". इनबॉक्स उघडतं कोण? काकांना तर तो कुठे असतो हेही माहीत नाही. लाज वाटायला हवी अशा माणसाकडून पैसे घ्यायला.

अरे, दाखवायचं ते समोर चाललंय ना! भट्टीवर पातेलं तापतं, नवसागर पडतो, भस्सकन पांढरा धूर उठतो, कथील टेकवलं की वितळतं आणि कापसाचा बोळा फिरला की काळं पातेलं आतून लख्ख. याला गाणं कशाला लागतं? तिथेच उभ्या उभ्या शूट केलं, खाली पत्ता, वेळ, काकांचा नंबर आणि कुठल्या मापाच्या भांड्याला किती ते लिहून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. घरी पोचेपर्यंत दोघीतिघींचे फोन काकांना गेलेसुद्धा.

बरं, सगळेच एजन्सीवाले लुटारू नसतात, मान्य. येवल्याची पैठणी परगावी विकायची तर जाहिरात लागेलही. पण गल्लीतल्या दुकानाला आधी गुगल मॅपवर नाव हवं, उघडायची वेळ आणि सुट्टीचा वार हवा. फुकट होतं ते. 2027 ला कुंभ आहे, गावभर लोक मॅप बघत फिरणार. 2018 पासून व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आहे, त्यात फोटो आणि किमतीचा कॅटलॉग करता येतो, तोही फुकट. पण ब्रॉडकास्ट, म्हणजे एकदम सगळ्यांना टाकलेला मेसेज, त्यालाच पोचतो, ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय. म्हणून भांडं परत देताना गिऱ्हाइकाला तोंडाने सांगा, नंबर सेव्ह करा. एवढं एजन्सीने काकांना सांगितलं नाही. का सांगेल?

आणि आपण तरी कोण मोठे लागून गेलो? "लुप्त होत चाललेली कला" म्हणून रडके इमोजी टाकायचे आणि काकांशी वीस रुपयांवरून हुज्जत घालायची. किंमत विचारून गायब होणारेही आपणच. निदान व्हिडिओ पुढे पाठवा, दोन ओळींचा रिव्ह्यू लिहा. त्याला काही पैसे पडत नाहीत.

काकांनी व्हिडिओ तीनतीनदा पाहिला. धूर नाही, भट्टी नाही, त्यांची काळजी वेगळीच. "माझं तोंड दिसतंय का रे? दाढी केली नव्हती."

पुढच्या शूटला दाढी करून बसणार आहेत. माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी उतरवा आणि घेऊन जा. नॉनस्टिक नेऊ नका, मागे एकाने नेलं होतं.