कुशमनचा रोमिओ ही नुसती नवलाई नव्हती

एकोणिसाव्या शतकातली अमेरिकी नटी शार्लट कुशमन (1816-1876) हिच्याविषयी एक मजकूर सारखा फिरतो आहे. त्यात म्हटलं आहे ते असं : गळा गेला म्हणून ती नाटकात आली, रूप नव्हतं म्हणून पुरुषवेष घेतला, रोमिओ करणारी पहिली स्त्री या नवलाईवर लंडनमध्ये गाजली आणि तिच्यामागे काहीच उरलं नाही. इतक्या मोठ्या नटीची अशी बोळवण मला सहन होत नाही.

गळ्याची गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. 1835 मध्ये बोस्टनला ती ऑपेरात उभी राहिली. पुढे न्यू ऑर्लिन्समध्ये न पेलणाऱ्या वरच्या पट्टीत गाऊन आवाज फाटला. मजकूर इथेच थांबतो. पण त्याच शहरात, 1836 मध्ये, विशीसुद्धा न ओलांडलेल्या या मुलीने लेडी मॅकबेथ उभी केली. ही भूमिका तिने जवळजवळ चाळीस वर्षं केली. याला योगायोग कसं म्हणायचं?

‘पहिली स्त्री रोमिओ’ हे तर साफ चूक. तिच्याआधी इंग्लिश नटी एलन ट्री लंडनमध्ये रोमिओ झाली होती.

आता ‘नवलाई’. 29 डिसेंबर 1845 रोजी लंडनच्या हेमार्केट थिएटरात शार्लट रोमिओ झाली, तिची धाकटी बहीण सुझन ज्युलिएट. त्या काळी रंगभूमीवर चालायची ती इंग्लिश नट डेव्हिड गॅरिकने अठराव्या शतकात बदललेली संहिता. तिच्यात रोमिओचं आधीचं प्रेम, रोझलिन, गाळलेलं आणि रोमिओचा प्राण जाण्याआधीच ज्युलिएट शुद्धीवर येते, मग दोघांचा रडवणारा संवाद. या बहिणींनी ते सगळं बाजूला ठेवून शेक्सपिअरची मूळ संहिता मागितली. ठरलेल्या जागा, पाठ झालेली वाक्यं मोडावी लागणार म्हणून कंपनीतले नट कुरकुरले, तरी त्या हटल्या नाहीत. प्रयोग ऐंशीच्या आसपास झाले. नाटककार शेरिडन नोल्सने तिच्या रोमिओची तुलना गाजलेला इंग्लिश नट एडमंड कीन याच्या ऑथेल्लोशी केली, आणि तीही हद्दपारीची बातमी ऐकून जमिनीवर कोसळणाऱ्या रोमिओसाठी. विजार घातलेली बाई बघायला लोक आलेही असतील, पण नोल्ससारख्या जाणत्याला हलवलं ते तिच्या अभिनयाने.

रूपाबद्दल मी एवढंच म्हणेन : सुंदर चेहऱ्याची वाट न बघता तिने मेग मेरिलीजसारखी म्हातारी जिप्सी बाई ऐन तारुण्यात रंगवली आणि प्रेक्षकांचा थरकाप उडवला. ती तिची निवड होती, नाइलाज नव्हता.

राहिलं ‘मागे काहीच उरलं नाही’. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1863 मध्ये, तिने जखमी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या सॅनिटरी कमिशनसाठी प्रयोग करून आठ हजारांवर डॉलर मिळवून दिले. वॉशिंग्टनच्या प्रयोगाला खुद्द लिंकन होते. रोममध्ये तिचं घर अमेरिकी स्त्री-शिल्पकारांचा आधार होतं. हॅरिएट हॉस्मर तिथेच राहिली. 1874 मध्ये न्यूयॉर्कच्या निरोपाच्या प्रयोगानंतर कवी ब्रायंटने तिला लॉरेलचा मुकुट दिला. तिचा आवाज आपल्याला ऐकता येत नाही, कारण एडिसनचा फोनोग्राफ आला 1877 मध्ये, ती गेल्याच्या पुढच्या वर्षी.

आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात बेथेस्डा कारंज्यावर पंख पसरून उभा असलेला देवदूत 1873 पासून तिथेच आहे. तो घडवला एमा स्टेबिन्सने, शार्लटच्या आयुष्याच्या जोडीदारणीने. कर्करोगाने शार्लटला गाठल्यावर हातातली छिन्नी ठेवून तिची सेवा करणारी आणि ती गेल्यावर तिची पत्रं, आठवणी जमवून 1878 मध्ये छापणारी हीच.