जरंडेश्वराची वळणं तोडू नका

परवा रविवारी जरंडेश्वराच्या वाटेवर दोन पोरं भेटली. पायात खोल खाचांचे बूट, छातीला पाण्याच्या बाटल्या, आणि दम असा की बघत राहावं. चढ चक्क पळत होती. पण तिसऱ्या वळणावर दोघांनीही वाट सोडली आणि नाकासमोर सरळ वर निघाली. मी खालून हाक मारली, "अरे दादांनो, वाटेनं जा!" त्यातला एक थांबला, अगदी नम्रपणे म्हणाला, "ताई, सगळे इथूनच जातात. तीन मिनिटं वाचतात."

ती तीन मिनिटं मला चांगली माहीत आहेत. मीही ती वाचवलेली आहेत. म्हणून ही पोस्ट. लांब झाली आहे, पण साताऱ्यात डोंगरावर पळणाऱ्या प्रत्येकानं वाचावी असं मनापासून वाटतं.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. जरंडेश्वर हा सातारा आणि कोरेगावच्या मधला डोंगर. माथ्यावर मारुती. श्रावणातल्या शनिवारी पायथ्यापासून वरपर्यंत माणसांची रीघ असते. हनुमंत द्रोणागिरी घेऊन जाताना त्याचा एक तुकडा इथं पडला, ही गोष्ट आमच्याकडं पोरांना चढ चढतानाच सांगतात, म्हणजे ती दमल्याचं विसरतात. मलाही वडिलांनी तशीच सांगितली होती. त्या वेळी मी चालत होते. पळायला लागले ती फार नंतर, 2012 मध्ये यवतेश्वरच्या घाटात हिल मॅरेथॉन सुरू झाली आणि सगळ्या गावालाच पळायचं वेड लागलं तेव्हापासून. घाटातल्या डांबरावर चार-पाच वर्षं काढल्यावर डोंगराची वाट खुणावायला लागली.

डांबरावरचं पळणं आणि हे पळणं यात फार फरक आहे. आपले डोंगर काळ्या पाषाणाचे, लाव्हाचे थर एकावर एक बसून झालेले. भूगोलात शिकलेला 'डेक्कन ट्रॅप' आठवतो ना? त्यातला 'ट्रॅप' हा शब्द पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला. खरोखर पायऱ्याच आहेत या. कठीण थर आला की उभा कातळ, मऊ थर आला की मुरूम आणि घसारा. पळणाऱ्याच्या पायाला हा फरक बरोबर कळतो. कोरड्या कातळावर बूट घट्ट धरतो, तिथं बिनधास्त पाय टाकावा. मुरमावर मात्र पायाखाली ज्वारी सांडल्यासारखं होतं. आणि वणवा लागून गेलेला असेल तर विचारूच नका, गवताची मुळी जळालेली, माती मोकळी, पाय ठेवाल तिथून खडे सुटतात.

चढाला मी पळत नाही. खड्या टप्प्यावर हात मांडीवर ठेवून, पावलं आखूड करून, भराभर चालते. नवीन पोरांना यात कमीपणा वाटतो. वाटू नये. चढ फारच उभा झाला की त्याच वेगानं पळण्यापेक्षा चालण्यात दम कमी लागतो, आणि वाचलेला दम वरच्या सपाटीला कामी येतो. खरी परीक्षा उतरताना. नजर पायावर नाही, तीन पावलं पुढं. गुडघा किंचित वाकलेला. टाच रोवून ब्रेक मारत उतरलात तर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घराचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो. पावलं छोटी आणि हलकी ठेवली की शरीर आपोआप वाट वाचायला लागतं. मला या डोंगरानं दिलेलं सगळ्यात मोठं सुख हेच. डोक्यात घर नाही, नोकरी नाही, फक्त पुढचा दगड.

आता ती तीन मिनिटं.

चार वर्षांपूर्वी, हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी, मी वरून उतरत होते. घड्याळात वेळ चांगली पडत होती. वरच्या वळणावरून खालचं वळण दिसत होतं, मध्ये फक्त गवताचा उभा पट्टा. मी त्यातूनच उतरले. दोन-चार उड्यांत पायाखालून नारळाएवढा दगड सुटला. खालच्या वाटेवर एक आजोबा खांद्यावर नारळाचं पोतं घेऊन वर येत होते. मी ओरडले, पण आवाज पोचायच्या आत दगड त्यांच्या शेजारून हातभर अंतरावरून गेला आणि करवंदीच्या जाळीत घुसला.

मी खाली पोचले तेव्हा माझे हातपाय थरथरत होते. आजोबांनी पोतं शांतपणे खाली ठेवलं. "लागलं न्हाई पोरी, घाबरू नगंस," म्हणाले. मग मी आले त्या पट्ट्याकडं बघून म्हणाले, "पर तू जिथनं उतारलीस न्हवं, पावसात पानी बी तिथनंच उतारतंय. औंदा वीतभर हाय. दोन सालानं गुडघ्याएवढं हुतंय बघ."

तसंच झालं. आज तिथं गुडघाभर खोल ओघळ आहे. जुन्या वाटेला तो जिथं छेदतो, तिथली सगळी माती वाहून गेलीय आणि नुसते सुटे धोंडे राहिलेत. पूर्वी साठी ओलांडलेली माणसं जिथून आरामात जायची, तिथं आता एकमेकांचा हात धरून उतरतात. तो ओघळ एकट्या माझ्यामुळं झाला नाही हे मला कळतं. पण त्यात माझी पावलं आहेत.

जुन्या माणसांनी वाट उगाच नागमोडी पाडलेली नाही. आडव्या वाटेवर पाणी प्रत्येक वळणाला बाहेर पडतं, त्याला जोर धरता येत नाही. आपण सरळ रेषेत गवत तुडवलं की मुळं तुटतात, मुरूम मोकळा होतो, आणि मृगाच्या पहिल्या सरीला तीच रेष पाण्याला मिळते.

हे कुणाला सांगायचं? कोरेगाव तालुक्यातल्या माणसांना? याच तालुक्यातल्या वेळू गावानं 2016 चा पहिला वॉटर कप, म्हणजे पाणी अडवण्या-जिरवण्याच्या कामाची गावागावांतली स्पर्धा, जिंकला. भर उन्हात बाया-माणसांनी श्रमदान करून डोंगरउतारावर चर खणले. पळत्या पाण्याला चालायला लावायचं, चालत्या पाण्याला थांबायला लावायचं, थांबलेलं पाणी जिरवायचं, हे इथल्या शाळेतल्या पोराला पाठ आहे. आणि त्याच भागातल्या डोंगरावर आम्ही शहरातून गाडीनं येऊन, व्यायाम म्हणून, पाण्याला पळायची वाट करून देतो. हे मला सहन होत नाही.

काही जण म्हणतात, गुरंही जातातच की. जातात, पण नीट बघा, गुरं चरताना डोंगराला आडवी चालतात. नाकासमोर उभी उतरत नाहीत. काही जण म्हणतात, मग सगळी वाट काँक्रीटची करा, कटकट मिटेल. मला तेही नको. काँक्रीट झालं की पळणाऱ्याची डोंगराची वाटच गेली.

आणि शर्यतीचं म्हणाल तर यवतेश्वरच्या घाटात 21 किलोमीटर पळताना कुणी वळण सोडून मधूनच वर चढला, तर आपण त्याला सरळ फसवणूक म्हणू. त्याचं पदक काढून घ्या म्हणू. मग डोंगरावर वळण तोडून मोबाइलवर टाकलेल्या वेळेला शाबासकी कशी देता? आपल्या जिल्ह्याची ललिता बाबर माणसारख्या दुष्काळी तालुक्यातून निघाली आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत पोचली. त्या शर्यतीत प्रत्येक फेरीत अडथळे आणि पाण्याचा खड्डा असतो. ते ओलांडत जाणं हीच तर ती शर्यत. डोंगराच्या वळणांचंही मला तसंच वाटतं.

गेल्या वर्षीपासून आम्ही सहा-सात जण एक काम करतोय. ओघळाच्या तोंडाशी बोरीच्या काट्या टाकतो, आणि ओघळात दर दहा-बारा फुटांवर दगडांचे छोटे आडवे बांध रचतो. सिमेंट नाही, नुसते दगड, मोठे खाली आणि चिपा मध्ये. मागच्या पावसाळ्यात वरच्या दोन बांधांमागं माती धरली आणि दिवाळीच्या सुमारास त्यात गवत आलं. खालचे तीन वाहून गेले, कारण आम्ही दगड नीट रोवले नव्हते. ते पुन्हा करायचेत, मृगाच्या आत.

त्या दोन पोरांना उतरताना पुन्हा गाठलं आणि ओघळ दाखवला. पोरं समजूतदार निघाली. येतो म्हणालीत.

तुम्हीही या. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला पायथ्याशी. हातमोजे आणा, जमलं तर घमेलं आणि पहार. उन्हं वर यायच्या आत काम उरकू. मग ज्यांना पळायचंय त्यांनी माथ्यापर्यंत पळावं, सगळी वळणं घेत. चढून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, तेवढं लक्षात ठेवा.