‘सर्व्हरमधला फुकटचा बॅकअप टाकाऊ’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

उद्यमनगर, शाहूपुरीकडच्या आमच्या ग्रुपांवर एक मेसेज लई फिरतोय. म्हणणं असं की विंडोज सर्व्हरमध्ये, म्हणजे ऑफिसच्या मुख्य मशीनवर चालणाऱ्या विंडोजमध्ये, जो बॅकअप फुकट मिळतो तो टाकाऊ, त्यातनं एकटी फाईल निघत नाही, मशीन मेलं तर नव्यावर चढत नाही, कायम शेवटचा एकच बॅकअप शिल्लक राहतो, आणि रेड (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या) असेल तर बॅकअप लागतच नाही. मी कोल्हापुरात हीच कामं करतो. हा मेसेज वाचून दोघांनी चालू असलेला बॅकअप बंद केला आणि दुसरा काही घेतलाही नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

एकटी फाईल निघत नाही म्हणे. साफ चूक. मागच्या महिन्यात एका फौंड्रीत पोराच्या हातनं पॅटर्नच्या ड्रॉइंगचं अख्खं फोल्डर उडालं, सर्व्हरवर विंडोज सर्व्हर बॅकअप उघडला, रिकव्हर दाबलं, कॅलेंडर येतं त्यात ज्या दिवसांचा बॅकअप आहे त्या तारखा ठळक दिसतात, आदल्या दिवसाची तारीख घेतली, फाईल्स अँड फोल्डर्स निवडलं आणि तेवढंच फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर काढून दिलं. चहा यायच्या आत काम झालं. २००८ च्या सर्व्हरपासून हे टूल आहे, त्याच्या आधीचं एनटीबॅकअप वेगळं होतं, तेव्हाच्या आठवणी लोक याच्या माथी मारतात असं मला वाटतं. फक्त एक आहे, हे आपोआप बसलेलं नसतं, सर्व्हर मॅनेजरमधनं फीचर म्हणून घालावं लागतं. कित्येक ठिकाणी ते घातलेलंच नसतं आणि मालक समजून चाललेला असतो की बॅकअप होतोय.

नव्या मशीनवर चढत नाही, हे अर्धवट माहितीवर लिहिलंय. बॅकअप लावताना ‘बेअर मेटल रिकव्हरी’वर (कोऱ्या मशीनवर सगळं परत चढवायची सोय) टिक असेल तर चढतो. विंडोजच्या इन्स्टॉलच्या पेनड्राइव्हवरनं मशीन चालू करायचं, रिपेअरमध्ये जायचं, सिस्टम इमेज रिकव्हरी. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान चालत नाही, आणि जुनं मशीन बायॉसवर (मशीन सुरू व्हायची जुनी पद्धत) असेल नि नवं यूईएफआयवर (नवी पद्धत), तर ते सरळ नकार देतं. लोक इथंच अडकतात आणि टूलला शिव्या देतात. नवं मशीन घेतानाच हे दोन्ही विचारून घ्या.

रेडचं तर वाचून वाईट वाटलं. रेड म्हणजे एक डिस्क गेली तरी काम चालू राहावं म्हणून केलेली सोय. मिररवर, म्हणजे दोन डिस्कवर एकच गोष्ट लिहिणाऱ्या रेडवर, फाईल उडवली की दोन्ही डिस्कवरनं त्याच क्षणाला उडते, व्हायरसनं लॉक केली की दोन्हीकडं लॉक. शॅडो कॉपी (विंडोज स्वतः ठेवतं ती फाईलींची जुनी प्रत) आहे ना, असंही कोण कोण म्हणतं. ती बहुतेक वेळा त्याच मशीनवर असते आणि रॅन्समवेअर, म्हणजे फाईली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, ती पुसून टाकतो, २०१७ च्या वॉनाक्रायनं तेच केलं.

आता शेवटचा एकच बॅकअप राहतो ही गोष्ट, यात थोडं खरं आहे आणि नीट समजून घेण्यासारखं आहे. नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमध्ये बॅकअप टाकला तर दरवेळी जुन्यावरच नवा लिहिला जातो, आणि मध्येच लाइट गेली तर जुना पण गेला नि नवा पण नाही. पण बॅकअपसाठी वेगळी डिस्क दिली तर त्यात जागा असेल तोवर जुने बॅकअप तारखेवार साठत राहतात. ती डिस्क देताना फॉरमॅट होते, आधी रिकामी करून घ्या, नंतर ती एक्सप्लोररमध्ये दिसत पण नाही. अशा दोन यूएसबी डिस्क एकाच शेड्यूलमध्ये घालता येतात. एक मशीनला, एक घरी.

घरी का, ते २०१९ ला कळलं. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्याला, जिथं नदीची पातळी मोजतात, पाणी ५५ च्या वर गेलं. शाहूपुरीतल्या एका दुकानात मी सर्व्हर आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर ठेवू दिली होती. दोन्ही चिखलात. बॅकअप रोज होत होता, मी स्वतः बघत होतो, आणि तीन वर्षांची बिलं गेली. मालकांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. तेव्हापासनं त्यांची दुसरी डिस्क दर सोमवारी बदलून कळंब्याला घरी जाते. जुलै २०२१ ला परत दुकानात पाणी शिरलं, सर्व्हर परत गेला. पाणी उतरल्यावर नवं मशीन आणलं, कळंब्याची डिस्क लावली, आणि संध्याकाळी वहिनींनी पूर येण्याआधीच्या शनिवारचं शेवटचं बिल उघडून दाखवलं.