फ्लॅट ‘कालच गेला’?

फोनवर रिकामा असलेला फ्लॅट माझ्या नायजेरियन वर्गमित्राचा चेहरा दिसताच ‘कालच गेला’ कसा होतो, हे मला आता कोणीतरी सांगावेच. पुण्यात कोंढव्यातल्या त्या दारात घरमालक काकांनी किल्ल्यांचा जुडगा आमच्यादेखत खिशात टाकला, आणि ‘भाड्याने देणे आहे’ ही पाटी त्यांच्या पाठीमागे तशीच लटकत होती. या महिन्यातले हे पाचवे दार! बसमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते, रिक्षावाला त्याला पाहून वेग वाढवतो, मणिपूरच्या मैत्रिणीला भाजीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळे ‘चिनी’ म्हणतात, आणि तरीही आपण म्हणतो की वंशभेद अमेरिकेत असतो. याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला आणि १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. दीडशे वर्षांनंतर त्यांच्याच शहरात भाडे, अनामत रक्कम आणि पासपोर्टची प्रत हातात घेऊन उभ्या असलेल्या मुलाला केवळ कातडीच्या रंगापायी जिना उतरायला लावायचे? निघताना काका मला हळूच म्हणाले, “तुला हवा असेल तर बघ, तू आपल्यातला आहेस.” मला नको आहे, काका. त्याला द्या.