५जी आलं की सरकारी ड्रोन आपोआप कामाला लागतील?

सध्या एक दावा भरपूर फिरतो आहे. सरकारी ड्रोन आणि रोबोट अडलेत ते फक्त नेटवर्कपायी. गावोगावी ५जी पोहोचलं की जमीनमोजणी, औषधवाटप, पुरातली मदत, गटारसफाई सगळं जिल्ह्याच्या कार्यालयात बसून होईल. या समजामुळे पैसा भलतीकडे वळतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘मोजणी नेटवर्कमुळे रखडते.’ गावठाणांच्या ड्रोनमोजणीचा पहिला प्रयोग आपल्याकडे पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला. गावठाणांची अशीच ड्रोनमोजणी देशभर करणारी केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला आली. देशात ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला, आणि तोवर हजारो गावांवरून ड्रोन फिरून गेले होते. हा ड्रोन आधी आखून दिलेल्या मार्गाने उडतो आणि फोटो स्वतःजवळच साठवतो. अचूकता येते ती उपग्रहांचे संकेत आणि जमिनीवरच्या कॉर्स केंद्रांच्या (हे संकेत एकाच जागेवरून सतत टिपणाऱ्या केंद्रांच्या) नोंदी यांतून. ही दुरुस्ती ड्रोन उतरल्यावर संगणकावरही करता येते. वेळ खातं ते दुसरंच काम. उड्डाणाआधी प्रत्येक मिळकतीच्या हद्दीवर चुन्याची फक्की मारावी लागते, आणि दोन भावांचा भिंतीवरून वाद असेल तर चुना कुठून टाकायचा हे कोणताही ड्रोन सांगत नाही. पुढे नकाशाची जागेवर पडताळणी, हरकती, सुनावणी, आणि मग कुठे मिळकत पत्रिका हातात पडते. हे सगळं भूकरमापक आणि ग्रामपंचायतीची माणसं करतात. मोजणी लवकर हवी असेल तर आधी ही माणसं वाढवा.

‘दुर्गम पाड्यांवर औषध न्यायला ५जीच हवं.’ डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला लशीचे ३०० डोस ड्रोनने गेले, तेही दहा मिनिटांच्या आत. तेव्हा ५जी नव्हतंच. असं उड्डाण रोजचं व्हायला आड येतात ते बॅटरीचा पल्ला, खर्च, प्रशिक्षित पायलट आणि नजरेपलीकडच्या उड्डाणांना सर्रास नसलेली मुभा.

‘टॉवर जवळ असला की ड्रोनला फुल रेंज.’ हा समज सगळ्यात पक्का आहे, आणि सगळ्यात चुकीचाही. टॉवरचे अँटेना जमिनीवरच्या माणसांसाठी खाली झुकवलेले असतात. ड्रोन नियम २०२१ नुसार हिरव्या क्षेत्रात, म्हणजे आधी परवानगी न घेता उडवता येतं अशा भागात, १२० मीटरपर्यंत उडता येतं. तेवढ्या उंचीवर घरं-झाडांचा आडोसा संपतो आणि ड्रोनला एकाच वेळी अनेक टॉवरचे संकेत मिळतात. ते एकमेकांना अडथळा करतात आणि जोडणी सारखी या टॉवरवरून त्या टॉवरवर जात राहते. यासाठी मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेने ४जीच्याच काळात ड्रोनसाठी वेगळ्या तरतुदी केल्या. नुसतं ५जी लावून हा प्रश्न मिटत नाही.

‘गटारात माणूस उतरणार नाही, रोबोट दुरून चालेल.’ माणूस उतरू नये, हे शंभर टक्के मान्य. हाताने मैला साफ करायला बंदी घालणारा २०१३ चा कायदाही सुरक्षा साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला मनाई करतो. पण केरळात तयार झालेला बँडिकूट रोबोट चालवणारा मॅनहोलशेजारीच उभा राहून पडद्यावर पाहत असतो. तिथे नेटवर्कपेक्षा यंत्र विकत घेण्याची आणि सफाई कामगारांनाच ते शिकवण्याची गरज आहे.

आता पूर. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा विजेबरोबर मोबाइलही ठप्प झाला. मदतीचा ड्रोन सार्वजनिक नेटवर्कवर विसंबून असेल, तर नेमका त्याच दिवशी तो बसून राहील. बचाव पथकाच्या ड्रोनला स्वतःचा रेडिओ दुवा हवाच.

चांगल्या वायरलेस नेटवर्कचा उपयोग आहे, तो मी नाकारत नाही. अनेक ड्रोनचं चित्रण एकाच वेळी नियंत्रण कक्षात हवं असेल, तर ५जी खरोखर कामी येतं. पण आषाढीला पंढरपुरात लाखो फोन एकदम चालू असतात. तिथे यंत्रणेसाठी वेगळी राखलेली क्षमता नसेल, तर पोलिसांचा ड्रोनही त्याच गर्दीत अडकेल. म्हणून निविदा काढताना दोन गोष्टी लेखी मागा: वीज गेल्यावर टॉवर किती तास चालेल, आणि जोडणी तुटल्यावर ड्रोन नेमकं काय करेल.