अमेरिकेची दारूबंदी: एका वाक्यातल्या चार चुका

गडचिरोली असो की चंद्रपूर, दारूबंदीचा विषय निघाला की कुणीतरी अमेरिकेचा दाखला पुढे ढकलतोच: "पाद्र्यांनी आणि बायकांच्या मतांनी १९२० साली तिथं दारू पिणं गुन्हा ठरवलं, लोक उलट जास्तच प्यायला लागले, शिकागोचा दारू-माफिया अल कपोन गब्बर झाला आणि १९३३ मध्ये सरकारनं नाक घासून बंदी उठवली." बंदीच्या बाजूनं बोलायला मी बसलेलो नाही. पण या वाक्यात खरं कमी आणि खोटं जास्त आहे.

आधी बायकांची मतं. दारूबंदी आणणाऱ्या अठराव्या घटनादुरुस्तीवर पुरेशा राज्यांची मोहोर उमटली जानेवारी १९१९ मध्ये. बायकांना देशभर मतदानाचा हक्क देणारी एकोणिसावी दुरुस्ती मंजूर झाली ऑगस्ट १९२० मध्ये, म्हणजे बंदी लागू होऊन सात महिने उलटल्यावर. त्याआधी काही राज्यांत त्या मत देत होत्या, आणि १८७४ पासून त्यांची संघटनाही जोरात होती. नवऱ्यानं पगार गुत्त्यात उडवल्यावर घर कसं चालवायचं, हा त्यांचा प्रश्न अगदी खरा होता. पण काँग्रेसमध्ये (अमेरिकेच्या संसदेत) आणि राज्यांच्या विधिमंडळांत ज्यांनी हात वर केले ते बहुतेक सगळे पुरुषच. त्यांना वाकवलं दारूबंदीसाठी झटणाऱ्या अँटी-सलून लीग या संघटनेनं. उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, दारूच्या प्रश्नावर तो आपल्या बाजूनं आहे की नाही एवढंच बघायचं आणि त्याप्रमाणे मतं फिरवायची, हे त्यांचं तंत्र. लीगचा पुढारी वेन व्हीलर त्यात तरबेज होता.

दुसरं, पिणं गुन्हा नव्हतंच. बंदी होती ती दारू बनवणं, विकणं आणि वाहून नेणं यांवर. कायदा लागू होण्याआधी घरात भरून ठेवलेली दारू खुशाल पिता येत होती. ज्याच्याकडे तळघर आणि पैसा, त्यानं पेट्याच्या पेट्या उतरवून घेतल्या. डॉक्टरची चिठ्ठी असली की औषधाच्या दुकानात व्हिस्कीही मिळे. रोजच्या रोज गुत्त्यात जाऊन बिअरचा ग्लास घेणाऱ्या मजुराला यातलं काय जमणार होतं?

'सगळ्या देशाला दारूचा तिटकारा आला' किंवा 'सगळ्या देशाला मूर्खपणा सुचला' असं म्हटलं की बंदीचा रोख कुणावर होता ते झाकलं जातं. कारखान्यांच्या शहरांतला गुत्ता म्हणजे आयरिश, इटालियन, पोलिश, जर्मन मजुरांचा अड्डा. तिथं पगाराचा चेक वटायचा, कामाची खबर मिळायची, युनियनची बैठक भरायची, वॉर्डातल्या पुढाऱ्याची मतंही जमायची. मजूर सोमवारी शुद्धीवर हवा म्हणून कारखानदार बंदीच्या बाजूनं होते. हेन्री फोर्डची माणसं तर कामगारांच्या घरी जाऊन त्यांच्या सवयी तपासत. गावाकडच्या प्रोटेस्टंटांना शहरं हातची चालल्यासारखी वाटत होती. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि पॅब्स्ट, श्लिट्झ ही मिलवॉकीच्या बिअरवाल्यांची जर्मन आडनावंच देशद्रोहाचा पुरावा ठरली.

दक्षिणेत हे आणखी उघडं होतं. सप्टेंबर १९०६ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या अटलांटात वर्तमानपत्रांनी कृष्णवर्णीयांच्या गुत्त्यांवर आणि गोऱ्या बायकांवरच्या तथाकथित हल्ल्यांवर रकाने भरले. गोऱ्या जमावानं दंगल केली, अनेक कृष्णवर्णीय मारले गेले. पुढच्याच वर्षी जॉर्जियानं राज्यभर दारूबंदीचा कायदा केला, आणि १९०८ मध्ये कृष्णवर्णीयांचं मतदान जवळपास संपवणारी तरतूदही राज्याच्या घटनेत आली. दोन्ही पावलं त्याच वाऱ्यात पडली.

१९२० नंतर कायदा राबवायला अधिकारी पुरेनात, तेव्हा गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी दहशत माजवणारी कू क्लक्स क्लॅन ही संघटना स्वतःहून पुढे सरसावली. इलिनॉयच्या विल्यमसन काउंटीत १९२३-२४ च्या हिवाळ्यात क्लॅनच्या टोळ्या खाणमजुरांच्या, विशेषतः इटालियनांच्या, घरांत दारू शोधायला घुसल्या. शेवटी सैनिक बोलवावे लागले. मिशिगनमध्ये वारंवार गुन्हा करणाऱ्यांसाठीच्या कायद्याखाली थोडी जिन विकणाऱ्या दहा मुलांच्या आईला जन्मठेप झाली. आणि १९२८ मध्ये बंदीविरोधी, कॅथलिक अल स्मिथ अध्यक्षपदाला उभा राहिला, तेव्हा त्याच्या पेल्यापेक्षा पोपवरच जास्त चिखल उडाला.

'लोक जास्त प्यायला लागले' हेही आकड्यांत टिकत नाही. चोरट्या धंद्याची वहीखाती नसतात, म्हणून यकृताच्या सिऱ्हॉसिसचे मृत्यू आणि दारूच्या नशेत झालेल्या अटका यांवरून अंदाज बांधावा लागतो. तो असा: सुरुवातीला खप पूर्वीच्या सुमारे ३० टक्क्यांवर आला, मग वाढत ६० ते ७० टक्क्यांपर्यंत गेला. कमीच होता. पण प्रकार बदलला. बिअरची पिंपं लपवणं अवघड, म्हणून कडक दारूचं प्रमाण वाढलं, आणि स्वस्तात प्यायचं तर विषारी माल. १९३० मध्ये 'जमैका जिंजर' नावाच्या भेसळीच्या अर्कानं हजारो गरिबांचे पाय लुळे पडले.

राहिला अल कपोन. तो गब्बर झाला हे खरं, पण बंदी उठली त्याच्यामुळे नाही. १९१३ मध्ये आयकराला घटनेची मान्यता मिळाली नसती, तर दारूवरचा कर सोडायला सरकार धजावलंच नसतं. महामंदीत आयकर आटला, लाखो बेकार झाले, आणि तोच दारूचा कर व मद्यउद्योगातल्या नोकऱ्या पुन्हा खुणावू लागल्या. कपोन तोपर्यंत आयकर बुडवल्याबद्दल तुरुंगात होता.

आणि १९३३ मध्ये उठली ती केंद्राची बंदी. मिसिसिपी राज्यानं आपली १९६६ पर्यंत ठेवली. मधली बरीच वर्षं तिथलं सरकार त्याच बेकायदा दारूवर कर वसूल करत होतं.